चतुःशृंगी ते फर्ग्युसन: मराठी फॉन्ट पारखण्याची रीत

संगणकावर फॉन्टची यादी उघडली की नमुन्यादाखल बहुतेक ठिकाणी 'देवनागरी' हाच शब्द दिसतो. या शब्दात एकही जोडाक्षर नाही, रफार नाही, उकार नाही, अनुस्वार नाही. एक मात्रा, एक काना आणि एक वेलांटी, की संपलं. एवढ्यावर जगातला कुठलाही फॉन्ट देखणा ठरेल. मग तो आवडतो, दीडशे पानांचं पुस्तक त्यात लागतं आणि छापून आल्यावर 'मूर्तींचा'वरचा अनुस्वार वेलांटीत बुडालेला सापडतो. म्हणून मराठीत फॉन्ट निवडताना आधी त्याला अवघड शब्द लिहायला लावायचे आणि आवडीनिवडीचा विचार त्यानंतर करायचा.

तपासणीचं पान

एक ए-फोर कागद पुरतो. त्यावर पुढचे शब्द टाइप करा: चतुःशृंगी, फर्ग्युसन, कोथरूड, लक्ष्मी रस्ता, विठ्ठलवाडी, मूर्तींचा, दर्या, दऱ्या, स्त्रियांचं, उद्धृत, वाङ्मय, ज्येष्ठ, राष्ट्र, मिठ्ठू, लाल शाल, ॲप, ऑफिस, बॅट. खाली अ, झ, ण, ५, ८, ९, ₹ आणि दोन्ही प्रकारची अवतरणचिन्हं. त्याखाली तुमच्या खऱ्या मजकुरातला एक आठ-दहा ओळींचा परिच्छेद. जेवढ्या आकारात काम छापायचं आहे तेवढ्याच आकारात, आणि जमलं तर त्याच कागदावर हे पान छापा. पडद्यावर मोठं करून बघितलेलं धरू नका. मोठ्या आकारात सगळे दोष झाकले जातात.

आता एकेक शब्द घ्या.

'चतुःशृंगी'त विसर्ग आधीच्या उकाराला चिकटतो का ते पाहा. 'शृ' जास्त महत्त्वाचा. श चा खालचा भाग आणि ऋकार एकमेकांत अडकले तर ते अक्षर वाचताच येत नाही. 'शृ' आणि 'श्रृ' शेजारी लिहून दोन्हींत फरक दिसतो का हेही बघा. पुण्यातल्या अर्ध्या पाट्यांवर हे नाव चुकीचं लिहिलेलं असतं आणि त्यात थोडा दोष अशा फॉन्टचाही आहे, कारण त्यांत लिहिणाऱ्याला आपली चूक दिसतच नाही.

'फर्ग्युसन'मध्ये रफार 'ग्यु'च्या शेवटच्या दांड्यावर, म्हणजे य वर बसायला हवा. तो ग वर आला किंवा र् पाय मोडून सुटा दिसला तर दोष फॉन्टचा किंवा सॉफ्टवेअरचा. तोच शब्द दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये टाकला की दोघांपैकी कोण चुकतंय ते लगेच कळतं.

'कोथरूड'साठी शेजारी 'रु' लिहा. र ला उकार तळाशी न लागता कमरेला लागतो. दहा पॉइंटात ऱ्हस्व-दीर्घ वेगळे ओळखू आले नाहीत तर तो फॉन्ट पुस्तकासाठी बाद.

'मूर्तींचा' हा माझ्या मते सगळ्यांत चांगला परीक्षक. एका त वर वेलांटी, रफार आणि अनुस्वार, तिघे एकत्र. चांगल्या फॉन्टमध्ये या तिघांसाठी एक वेगळी जुळणी काढलेली असते. साध्या फॉन्टमध्ये ते एकमेकांवर चढतात. अनुस्वार दिसेनासा झाला की 'मूर्तींचा' हे अनेकवचन 'मूर्तीचा' असं एकवचन होतं. म्हणजे हा दोष फक्त दिसण्याचा राहत नाही, वाक्याचा अर्थच बदलतो.

'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. आचार्यांना दक्षिणा देतात आणि आचाऱ्यांना मजुरी. हा अर्धा र मराठीची गरज आहे, हिंदीचं त्यावाचून अडत नाही, त्यामुळे हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या फॉन्टमध्ये तो हमखास कच्चा असतो: फार बारीक, फार खाली, नाहीतर पुढच्या य ला न जोडलेला. 'तऱ्हा', 'कुऱ्हाड', 'वऱ्हाड' हेही लिहून पाहा. ह च्या आधी तो आणखी बिघडतो.

'स्त्रियांचं' लिहिलं की पहिल्या वेलांटीची कमान स् आणि त्र ओलांडून शेवटच्या दांड्यापर्यंत पोचायला हवी. मनापासून केलेल्या फॉन्टमध्ये या वेलांटीच्या पाच-सहा वेगवेगळ्या रुंद्या असतात. एकच रुंदी असेल तर कमान मध्येच हवेत संपते.

'उद्धृत', 'मिठ्ठू' आणि 'विठ्ठलवाडी' खालची बाजू तपासतात. 'द्ध' एकाखाली एक रचलेला असेल आणि त्याखाली ऋकार असेल तर तो किती खोल जातो ते पट्टीने मोजून ठेवा. ओळींतलं अंतर ठरवताना हा आकडा लागेल.

'लाल शाल' पाहताना वळणाकडे लक्ष द्या. मराठीत ल पाकळीचा आणि श देठाचा. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयातही हीच रूपं दिली आहेत. अनेक फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात, पण आपोआप दिसतं ते हिंदीचं. मजकुराची भाषा 'मराठी' अशी नोंदवली की आतलं मराठी वळण बाहेर येतं. वेबपानावर भाषेच्या खुणेत 'एमआर' द्यावं लागतं. भाषा नोंदवूनही फरक पडला नाही तर फॉन्टमध्ये मराठी रूप नाही असं समजा. अ, झ, ण, ५, ८, ९ यांचीही दोन वळणं आहेत, छपाईच्या जगात त्यांना मुंबई वळण आणि कलकत्ता वळण म्हणतात. मराठी वाचकाला मुंबई वळण सवयीचं आहे.

हे दोष येतात कुठून

प्रत्येक यंत्राने देवनागरीचं काही ना काही कापलं आणि त्या कापाकापीच्या खुणा आजच्या फॉन्टमध्येही दिसतात. इतिहास माहीत असला की दोष पटकन ओळखता येतो.

मूळ आकार बोरूचे. बोरूची चीप रोमन लिपीच्या टाकाच्या उलट बाजूला कलती कापतात, त्यामुळे देवनागरीत जाड-बारीक रेषांचा कल रोमनच्या उलटा पडतो. रोमन अक्षरांवरून बेतलेल्या फॉन्टमध्ये हा कल चुकतो आणि अक्षरं कशीतरीच परकी वाटतात, का ते चटकन सांगता येत नाही. असं वाटलं की आधी क आणि व च्या गोलाईत जाडी कुठे आहे ते बघा.

१८०५ मध्ये बंगालमधल्या सेरामपूरला विल्यम केरी यांचं मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांत, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांत, छापलं गेलं. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये पंचांग छापलं ते मात्र शिळाछापावर, म्हणजे हाताने लिहिलेल्या अक्षरांतून. हाताच्या अक्षराला कुठलंही जोडाक्षर अडत नाही. खिळ्याला अडतं: प्रत्येक रूपाचा वेगळा पंच (पोलादी छाप) कोरायचा, ठसा घ्यायचा, ओतायचं. शिवाय रफार आणि मात्रा खिळ्याच्या अंगाबाहेर लोंबत राहायच्या आणि दाबाखाली तुटायच्या. जुन्या पुस्तकात मध्येच मात्रा गायब दिसते ती यामुळे. एवढं असूनही जावजी दादाजींनी १८६९ मध्ये काढलेल्या निर्णयसागर छापखान्याने, राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या पंचांच्या जोरावर, जे टाइप घडवले ते आजही मापदंड म्हणून वापरावेत असे आहेत. पुण्यात भांडारकर संस्थेच्या किंवा पुणे नगर वाचन मंदिराच्या ग्रंथालयात निर्णयसागरचं एखादं जुनं पुस्तक मिळालं तर भिंग घेऊन बसा. जोडाक्षरांची खोली, रफाराची जागा, शब्दांतलं अंतर, सगळं तिथे शिकायला मिळतं.

आर्यभूषण छापखान्यातून १८८१ मध्ये 'केसरी' निघाला तेव्हा खिळे जुळवणाऱ्याच्या पुढ्यात खिळ्यांची शेकड्यांनी घरं असायची. पुढे अख्खी ओळ एकदम ओतणारं लायनोटाइप यंत्र आलं, त्याच्या कळफलकावर कळा नव्वद. टाइपरायटरवर त्याच्या निम्म्या. मग जोडाक्षरं मोडली, उभी रचना आडवी झाली, 'द्ध'च्या जागी पाय मोडलेला द् आणि शेजारी ध आला. मात्रा सगळ्या अक्षरांवर एकाच जागी ठोकल्या गेल्या. टाइपरायटरच्या वळणाचे फॉन्ट सरकारी कागदांत अजून फिरतात. उकार अक्षरापासून सुटलेला आणि वेलांटी सगळीकडे एकाच रुंदीची, यावरून ते ओळखू येतात.

संगणक आला तेव्हा सुरुवातीच्या फॉन्टमध्ये अक्षररूपांसाठी फक्त २५६ घरं होती. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक ही सरकारी संगणक संस्था सुरू झाली, तिच्या जिस्ट तंत्रज्ञानाने आणि पुण्याच्याच श्री-लिपी या सॉफ्टवेअरने मराठी अक्षरजुळणी मेजावर आणून ठेवली. पेठांतल्या छापखान्यांचं काम त्यावर वर्षानुवर्षं चाललं. पण प्रत्येक निर्मात्याने ती घरं आपापल्या क्रमाने भरली होती. त्यामुळे फॉन्ट बदलला की मजकूर म्हणजे अगम्य चिन्हांची रांग. युनिकोडने हा गुंता सोडवला: अक्षराचा क्रमांक सगळीकडे एकच, रूप फॉन्टने ठरवायचं. विंडोज २००० बरोबर सुलेखनकार र. कृ. जोशी यांचा 'मंगल' हा फॉन्ट घरोघरी पोचला. तो पडद्यासाठी आहे; पुस्तकाचा मजकूर त्यात लावू नये.

जुना मजकूर युनिकोडमध्ये आणताना

छापखान्याकडे जुन्या फॉन्टमधली फाइल असेल तर ती बदलून घ्या, नाहीतर नवीन फॉन्ट निवडण्याला अर्थ नाही. बदलताना चार ठिकाणी हमखास घोळ होतो. अर्धा र रफार होतो, म्हणजे 'तऱ्हा'चं 'तर्हा'. मधले इंग्रजी शब्द देवनागरी कचरा होतात. ॲ च्या जागी अ आणि सुटा अर्धचंद्र येतो. आणि सुटी वेलांटी ठिपक्यांच्या वर्तुळावर बसलेली दिसते. हे वर्तुळ म्हणजे चिन्हाला अक्षर सापडलेलं नाही याची खूण.

अर्धा र टाइप करायच्या दोन पद्धती आहेत: ऱ ला हलन्त देऊन, किंवा साध्या र ला हलन्त देऊन मागे अदृश्य जोडचिन्ह टाकून. दिसायला दोन्ही सारखे, पण शोधताना एकाने लिहिलेलं दुसऱ्याने सापडत नाही, आणि मजकूर एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात नेताना ते अदृश्य चिन्ह गळून पडतं. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून र ची कळ दाबली की ऱ येतो. सगळीकडे हाच वापरा.

आकार आणि ओळींतलं अंतर

पॉइंटच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. एका फॉन्टचे बारा पॉइंट दुसऱ्याच्या साडेदहाइतके दिसतात, कारण मात्रा-उकारांना किती जागा राखायची हे प्रत्येकाने वेगळं ठरवलेलं असतं. मिलिमीटरची पट्टी घ्या आणि शिरोरेषेपासून प च्या तळापर्यंतची उंची मोजा. तुम्हाला थकवा न येता वाचता येणारं एखादं मराठी पुस्तक घ्या, त्यातली ही उंची मोजा आणि नव्या फॉन्टचा आकार तिच्यापर्यंत आणा. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या पुस्तकाला त्यात दहा-पंधरा टक्के वाढवा.

ओळींतलं अंतर आकाराच्या दीडपट धरून सुरुवात करा, म्हणजे १२ पॉइंटला १८. मग तपासणीच्या पानावर एका ओळीत 'मिठ्ठू' आणि बरोबर त्याखाली 'मूर्तींचा' येईल असं करा. वरचा उकार आणि खालचा अनुस्वार यांच्यात पातळ पोस्टकार्ड बसेल एवढी तरी फट हवी. फट भरपूर राहत असेल तर अर्धा-अर्धा पॉइंट कमी करत जा. इंग्रजीचे आकडे उचलून मराठीला लावले की ओळी एकमेकींत घुसतात. वेबसाइटवरही तेच: अक्षर १८ पिक्सेल, ओळीची उंची १.६ ते १.७. बटणांची उंची इंग्रजीवरून ठरवलेली असते, त्यामुळे तिथे उकार कापले जातात. बटणावर 'पुढे' आणि 'सुरू करा' लिहून बघा.

अक्षरांतलं अंतर कधीही वाढवू नका. शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटतो. शीर्षक ऐसपैस हवं असेल तर रुंद फॉन्ट घ्या.

डेमी आकाराच्या पुस्तकात ओळीत नऊ ते बारा शब्द ठीक बसतात. मराठी शब्द प्रत्ययांमुळे लांब होतात, 'कार्यकर्त्यांकडूनसुद्धा' हा एकच शब्द. अरुंद स्तंभात दोन्ही कडा जुळवायला गेलात की शब्दांमध्ये खिंडारं पडतात आणि ती एकाखाली एक येऊन पानभर पांढरी नदी वाहते. अशा वेळी उजवी कड मोकळी सोडा.

सॉफ्टवेअरच्या खोड्या

इनडिझाइनमध्ये परिच्छेदासाठी 'वर्ल्ड-रेडी' कंपोझर निवडला नाही तर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाते आणि जोडाक्षरं फुटतात. इलस्ट्रेटरमध्ये प्रेफरन्सेसमधून इंडिक पर्याय चालू करावे लागतात. कोरलड्रॉच्या जुन्या आवृत्त्यांना युनिकोड मराठी झेपत नाही. त्यात काम करणाऱ्या छापखान्याला अक्षरांच्या बाह्यरेषा करूनच फाइल द्या, आणि मजकुराची मूळ प्रत स्वतःकडे ठेवा, कारण बाह्यरेषा झाल्यावर एक काना बदलणंही जमत नाही.

वर्डमध्ये फॉन्टच्या चौकटीत 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'चा वेगळा रकाना असतो. वरच्या रकान्यात फॉन्ट बदलला आणि मराठी ढिम्म हलली नाही, तर कारण हेच. ओळी फार लांब-लांब पडत असतील तर लाइन स्पेसिंग 'एक्झॅक्टली' करून १८ पॉइंट द्या.

आणि ठळक व तिरकं ही बटणं जपून. फॉन्टमध्ये ठळक रूप नसेल तर प्रोग्रॅम आहे त्याच अक्षराला जाड करतो आणि ष, थ, भ, क्ष यांची पोटं बुजतात. बोरूच्या परंपरेत तिरकं अक्षर नव्हतंच. पुस्तकाचं नाव वेगळं दाखवायला एकेरी अवतरण पुरेसं आहे.

कशासाठी काय

देवनागरीला सेरिफ, म्हणजे रेषांच्या टोकांना असणारी छोटी आडवी रेघ, नसते. ते रोमनचं वर्गीकरण. इथे पाहायचं ते रेषा जाड-बारीक आहे की सगळीकडे एकसारखी. लांबलचक वाचनाला जाड-बारीक रेषेचा फॉन्ट डोळ्याला बरा.

कथा-कादंबरी, दिवाळी अंक: 'यशोमुद्रा' किंवा 'टिरो देवनागरी मराठी'. टिरोचं मराठी वळण अस्सल आहे, पण त्यात ठळक रूप नाही, शीर्षकांसाठी जोडीला दुसरा फॉन्ट लागेल. संस्कृत अवतरणं भरपूर असतील तर 'शोभिका'. तिची देवनागरी यशोमुद्रेवरूनच आलेली असल्यामुळे दोन्ही शेजारी खटकत नाहीत. वेबसाइट, ॲप, अहवाल: 'मुक्त' किंवा 'नोटो सॅन्स देवनागरी'. मुक्तमध्ये सात जाड्या आहेत आणि बरोबरची रोमन अक्षरं त्याच वजनाची, त्यामुळे इंग्रजी शब्द मध्येच उठून दिसत नाहीत. शीर्षकाला 'बलू', अरुंद जागेत 'खंड' किंवा 'तेको'. 'मोदक' इतका गुबगुबीत आहे की अक्षरांची पोटं जवळजवळ मिटलेली असतात. दोन-तीन शब्द, मोठा आकार, त्यापलीकडे नाही. हे सगळे मोफत आहेत आणि व्यवसायासाठी वापरता येतात, फक्त फॉन्टची फाइल स्वतंत्रपणे विकता येत नाही.

लग्नपत्रिकेत नक्षीदार फॉन्ट घ्यायचाच असेल तर तो फक्त वधूवरांच्या नावांना. आधी दोन्ही घरची नावं आणि 'चि. सौ. कां.' लिहून बघा. पत्ता, तारीख आणि मुहूर्ताची वेळ साध्या फॉन्टमध्ये. पाहुणे तेवढंच तर पुन्हा पुन्हा वाचतात.

दुकानाच्या पाटीसाठी ढोबळ हिशेब असा: दर दहा फुटांमागे एक इंच, आणि हा इंच फक्त शिरोरेषेपासून तळापर्यंतचा. समोरच्या पदपथावरून, तीस फुटांवरून वाचायची पाटी असेल तर अक्षर तीन इंच आणि मात्रा-उकारांसाठी वर-खाली प्रत्येकी दीड-दोन इंच जागा. ॲक्रिलिक किंवा स्टीलची कापीव अक्षरं करणार असाल तर शिरोरेषेमुळे अख्खा शब्द एकसंध निघतो, हा फायदा. अनुस्वार मात्र सुटा तुकडा असतो, त्याला स्वतःची खीळ हवी, आणि सगळ्यांत आधी तोच पडतो. म्हणून पाटीसाठी मोठ्या टिंबाचा फॉन्ट निवडा. काळ्यावर पांढरी अक्षरं छापायची असतील तर नेहमीपेक्षा एक जाडी वरची घ्या, कारण शाई चहूबाजूंनी आत पसरते आणि बारीक रेषा खाते. सत्तर जीएसएम वजनाच्या मॅपलिथो कागदावर उलट, काळी अक्षरंच फुगतात. तिथे फार जाड रूप टाळा.

छपाईला देण्याआधीचा शेवटचा प्रूफ नेहमीसारखा वाचू नका. पट्टी आडवी धरून प्रत्येक ओळीचा फक्त शिरोरेषेवरचा भाग बघत जा: रफार, अनुस्वार, अर्धचंद्र. दुसऱ्या फेरीत फक्त तळ: उकार, ऋकार, पाय मोडलेली अक्षरं. अर्थ वाचायला लागलं की डोळा नसलेला अनुस्वारही भरून घेतो. तिसऱ्या फेरीत रिकामे चौकोन आणि ठिपक्यांची वर्तुळं शोधा, विशेषतः ₹ च्या जागी.